आभाळातला कासरा

अकोल्यात आमचे दोर, सुतळी, निवार आणि ताडपत्रीचे दुकान आहे. आजोबांनी ते मांडले तेव्हा गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी होते. बैलांचे कासरे, दावी, मोहरक्या, विहिरीचे नाडे आणि कापसाच्या बंडीवर आवळायचे सोल एवढ्यावर दुकान चालत असे. पुढे अंबाडीची जागा नायलॉनने घेतली आणि बंडीची जागा मालमोटारीने. तरी गल्ल्यावर बसणाऱ्याचा पहिला प्रश्न तीन पिढ्यांत बदललेला नाही. गिऱ्हाइकाने दोर मागितला की आम्ही आधी भाव सांगत नाही, आधी विचारतो, "कशासाठी पाहिजे?" ज्या दोराने वासरू बांधायचे त्या दोराने विहिरीत माणूस उतरवायचा नसतो, हे आजोबा नव्या नोकराला पहिल्याच दिवशी सांगत. हाच प्रश्न मला माझ्या पुतणीला विचारावा लागेल, आणि तिला हवा असलेला पट्टा तेरा हजार फुटांवरून उडी मारण्यासाठी असेल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

थोरले दादा अमरावतीला स्थायिक झाले होते. त्यांची ही एकुलती मुलगी. लहानपणी ती श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात दोरीचा मल्लखांब शिकली. हे मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, हे अमरावतीकरांना सांगावे लागत नाही. दोरीवर अढी घालून उलटी लटकलेली ती सात वर्षांची मुलगी मला आजही दिसते. हात सोडून पायाच्या पकडीवर शरीर तोलायचे, आणि मग ती पकड बदलायची. खाली उभे राहिलेले दादा एक शब्द बोलत नसत. त्यांचे ओठ मात्र घट्ट मिटलेले असत. ती महाविद्यालयात असताना दादा गेले. तेव्हापासून तिच्या शिक्षणाचे, नोकरीचे आणि पुढे लग्नाचे बोलणे माझ्याकडे आले. वहिनींनी तसे स्पष्ट सांगितले होते, "भाऊजी, तिचे बाबा आता तुम्हीच."

अभियंता होऊन ती अमेरिकेत अॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी नोकरीला लागली. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, म्हणून तिचा फोन रविवारी सकाळी दुकान बंद असताना येई. अशाच एका रविवारी तिने सांगितले की तिने स्कायडायव्हिंग शिकून पंचवीस उड्या पूर्ण केल्या आहेत आणि तिला पहिला परवाना मिळाला आहे. घरात जे झाले ते वाचकांना वेगळे सांगायला नको. वहिनी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. आई मात्र, म्हणजे मुलीची आजी, फोन हातात घेऊन शांतपणे म्हणाली, "काहून वं पोरी, इमानातून खाली यायले शिडी नाही काय?" आणि मग मला वेगळे म्हणाली, "शिरपूरले पार्श्वनाथ अंतरिक्षात हायेत, ते देव हायेत. आपल्या पोरीचं काम जमिनीवर हाय."

आपल्या समाजात असे धाडस कोणी करीत नाही, असे वहिनींचे म्हणणे होते. महाराष्ट्रात मात्र ते झालेले आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी आयुष्यातील पहिलीच उडी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर मारली, तीही उणे ३७ अंश तापमानात. २००६ च्या डिसेंबरात त्यांनी दक्षिण ध्रुवावर उडी मारली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली तेव्हा ते छायाचित्र घरोघरी पाहिले गेले. त्यांच्याही आधी, १९७९ साली, रेचल थॉमस यांनी आग्र्याला पहिली उडी मारली होती. केंद्र सरकारने २०२२ साली राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले, त्यातही या खेळाचा समावेश आहे. ही माहिती मी वहिनींना दिली. त्या म्हणाल्या, "शीतलताईंचे कौतुक आहे. पण त्या माझ्या पोटच्या नाहीत." या वाक्याला उत्तर नव्हते, आणि मी ते शोधलेही नाही.

पुढचे वर्षभर मी त्या विषयाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले. जे थांबविता येत नाही त्याचा माल तरी नीट तपासावा, असा तो विचार होता. पुतणीने फोनवर मला हवाई छत्रीची रचना समजावून दिली. आपल्या मनात असते ती गोल छत्री आता या खेळात जवळजवळ दिसत नाही. १९६० च्या दशकात डोमिना जॅल्बर्ट नावाच्या पतंग बनविणाऱ्या गृहस्थाने कापडाचा एक पंख तयार केला. दोन थरांच्या मध्ये उभे पडदे शिवून त्याचे कप्पे पाडलेले असतात; समोरची बाजू उघडी असते, तिच्यातून वारा आत भरतो आणि कापड विमानाच्या पंखासारखे ताठ होते. म्हणजे ही छत्री नुसती खाली येत नाही, पुढे चालते. जे पुढे चालते त्याला वळवावे लागते. येथून पट्ट्यांचा आणि मुठींचा प्रश्न सुरू होतो.

छत्रीच्या सगळ्या दोऱ्या खाली चार पट्ट्यांना येऊन मिळतात. प्रत्येक खांद्यावर दोन, एक पुढचा आणि एक मागचा. त्यांना रायझर म्हणतात. माणूस या चार पट्ट्यांवर लटकतो. याशिवाय पंखाच्या मागच्या कडेपासून दोन वेगळ्या दोऱ्या निघतात. त्या मागच्या रायझरवरील कडीतून खाली येतात आणि त्यांच्या टोकाला हातात धरायच्या दोन मुठी असतात. त्यांना टॉगल म्हणतात. उजवी मूठ ओढली की छत्री उजवीकडे वळते, डावी ओढली की डावीकडे. दोन्ही एकदम ओढल्या की वेग मंदावतो, आणि जमीन जवळ आल्यावर त्या योग्य क्षणी पूर्ण ओढल्या की माणूस हलकेच पायांवर उभा राहतो. हे ऐकल्यावर मी तिला म्हणालो, "अगं, हा तर कासरा झाला." ती हसली आणि म्हणाली, "हो काका, फक्त बैल दिसत नाहीत."

पण कासरा एवढा एकच उपाय नसतो. मागचा रायझर ओढला तर पंखाचा मागचा अर्धा भाग खाली येतो आणि छत्री फारशी उंची न गमावता सपाट वळते. छत्री नुकतीच उघडलेली असते, टॉगल अजून आपल्या जागी खोचलेले असतात, आणि अशा वेळी समोरून दुसरा कोणी येताना दिसला, तर टॉगल सोडविण्यात वेळ न घालविता हात वर करून मागचे रायझर धरायचे असतात. एखादी सुकाणूची दोरी तुटली तर उतरतानाही त्यांचाच आधार असतो. मात्र ते जरा जास्त ओढले गेले तर पंख उचल धरीनासा होतो, म्हणून हात हलका ठेवावा लागतो. पुढचा रायझर याच्या उलट. तो ओढला की पंखाचे नाक खाली झुकते, वेग वाढतो आणि छत्री झपाट्याने खाली येते. वारा जोराचा असून माणूस मागे ढकलला जात असेल, किंवा आभाळातील गर्दीतून लवकर खाली यायचे असेल, तर याचा उपयोग. जमिनीजवळ मात्र यात धोका मोठा, कारण चुकले तर सावरायला उंचीच उरलेली नसते. या खेळातील बरेच गंभीर अपघात छत्री न उघडल्यामुळे होत नाहीत. नीट उघडलेल्या छत्रीखाली, उतरताना, नको त्या उंचीवर घेतलेल्या वळणामुळे होतात, हे तिनेच मला सांगितले. हे सांगताना तिने काही लपविले नाही, म्हणून माझा तिच्यावरचा विश्वास वाढला.

आईला एकच गोष्ट विचारायची होती. छत्री रेशमाची असते असे तिने कुठे तरी ऐकले होते. आमच्या घरात रेशीम वापरीत नाहीत, दुकानात चामड्याची वादी ठेवीत नाहीत. जिवाला तारणारी वस्तू हजारो किड्यांच्या जिवावर विणलेली असावी, हे तिला पटत नव्हते. तिची शंका निराधार नव्हती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत छत्र्या खरोखरच रेशमाच्या असत आणि ते रेशीम मोठ्या प्रमाणावर जपानहून येई. युद्धामुळे तो पुरवठा बंद झाला. १९३५ साली अमेरिकेत शोध लागलेले नायलॉन तेव्हा पुढे आले, आणि जून १९४२ मध्ये अॅडेलीन ग्रे या तरुणीने नायलॉनच्या छत्रीने उडी मारून ते कापड माणसाचा भार पेलते हे दाखवून दिले. आज कापड, पट्टा, शिलाईचा दोरा सगळे कृत्रिम धाग्याचे असते. हे ऐकून आई म्हणाली, "मंग एवढं तरी बरं हाय." परवानगी म्हणता येणार नाही, पण घरातील पहिली गाठ सैल झाली ती या वाक्याने.

त्यानंतर काही महिन्यांनी पुतणीचा तो फोन आला. तिने जुने साहित्य विकत घेतले होते आणि त्याचे रायझर झिजले होते. कडीपाशी पट्ट्याला लव सुटली होती. तपासणाऱ्या कारागिराने ते बदलायला सांगितले. नवे मागवायचे तर पट्ट्याची रुंदी, लांबी, आणि पुढच्या रायझरवर कोणत्या मुठी शिवून घ्यायच्या, हे आधी कळवावे लागते. "काका," ती म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर पट्टे विकले. सांगा, काय घेऊ?"

रुंदीचा प्रश्न सोपा होता. एक जाड पट्टा पावणेदोन इंचाच्या आसपास रुंद असतो आणि एक अरुंद पट्टा एक इंचाचा. अरुंद पट्ट्याचीही ताकद अडीच हजार पौंड, म्हणजे अकराशे किलोच्या वर सांगितली जाते. आमच्या दुकानातील निवारीशी याची तुलना करणे योग्य नाही. शिलाई पाहिली तरी फरक कळतो. तिच्या वजनाला अरुंद पट्टा पुरेसा होता आणि हातात धरायलाही बरा. लांबीचे तिला स्वतःला ठाऊक होते. रायझर साधारण एकोणीस ते बावीस इंचांचे मिळतात. पुतणी उंचीने जेमतेम पाच फूट. लांब रायझर घेतला तर टॉगल तिच्या हाताच्या आवाक्याच्या टोकाशी जातील. टाचा उंचावून फळीवरचा डबा काढणाऱ्या माणसाची पकड कधी भक्कम नसते. तिने आखूड घ्यायचे ठरविले होते, आणि ते बरोबर होते.

खरा प्रश्न मुठींचा होता. भरलेल्या छत्रीचा पुढचा रायझर ओढायला फार जड असतो. एक इंची गुळगुळीत पट्टा नुसता मुठीत धरला तर तो निसटतो. म्हणून त्यावर पकड शिवून घेतात. पहिला प्रकार म्हणजे चपट्या पट्टीची साधी आडी. ती स्वस्त असते, पाठीवरच्या पिशवीच्या झाकणाखाली सपाट बसते, पण वाऱ्यात चिकटून पडते आणि बोटांना चाचपडावे लागते. दुसरा प्रकार आत भरण घालून ताठ केलेली आडी. ती तोंड उघडे ठेवते, बोटे थेट आत जातात, हातमोजे असले तरी अडत नाही. पण ती जाड असते आणि कशात तरी अडकण्याची शक्यता थोडी वाढते. तिसऱ्या प्रकारात एकाखाली एक अशा दोन आड्या असतात, म्हणजे जास्त ओढायचे असेल तर वरची आणि कमी ओढायचे असेल तर खालची. चौथ्या प्रकारात आडी नसतेच. पट्ट्याची घडी करून शिवलेला एक ठोकळा असतो. त्यावर वरून बोटे रोवायची. हात कशाच्या आत जात नाही, म्हणून सोडायला क्षणही लागत नाही. मात्र बराच वेळ जोर लावून धरायचे तर बोटे दमतात.

तिच्याबरोबर उड्या मारणारी मुले दुहेरी ताठ आडी घेत होती. ती अधिक वेगाने उतरण्याचा सराव करणारी, शेकडो उड्यांची अनुभवी मुले. तिलाही तीच हवी होती असे तिच्या आवाजावरून वाटले. मी नको म्हटले नाही, घेही म्हटले नाही. गल्ल्यावरचे तीन प्रश्न विचारले. कशासाठी पाहिजे? किती वेळा लागणार? आणि नको असेल तेव्हा हातातून सुटेल का?

फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग तिने एकेक उत्तर दिले. वेगाने उतरण्याची शर्यत तिला करायची नव्हती. वर, भरपूर उंचीवर, छत्रीचा स्वभाव समजून घेण्यासाठी आणि जोराच्या वाऱ्यात वेळ पडली तर, एवढाच उपयोग. दर उडीत एखाद-दोन वेळा. आणि तिसऱ्या प्रश्नाला तिने उत्तर दिले नाही. म्हणाली, "हे करून बघावे लागेल."

योगायोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मी कामानिमित्त अमेरिकेला गेलो. त्याच महिन्यात शीतल महाजन यांनी एव्हरेस्ट शिखरासमोर एकवीस हजार पाचशे फुटांवरून उडी मारल्याची बातमी आली होती, आणि ती मी निघण्यापूर्वी वहिनींना वाचून दाखविली होती. फिनिक्स आणि टूसॉन यांच्या मधे एलॉय नावाचे छोटे गाव आहे. स्कायडायव्हिंगसाठी ते जगभर ओळखले जाते. तेथे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मला दिसला तो कापूस. पांढरीशुभ्र बोंडे, यंत्राने चाललेली वेचणी, शेताच्या कडेला रचलेले भले मोठे गठ्ठे. पिमा नावाचा लांब धाग्याचा प्रसिद्ध कापूस याच परिसरातील. येथील सॅकाटनच्या सरकारी प्रयोगशेतीत तो वाढविण्यास पिमा जमातीच्या लोकांनी हातभार लावला, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. मी गाडी थांबवून एक बोंड उकलून धागा ओढून पाहिला. वऱ्हाडच्या माणसाला परक्या मुलखात यापेक्षा ओळखीचे काय भेटणार!

तेथील कार्यशाळेत छताला टांगलेला एक साज असतो. त्यात विद्यार्थ्याला जमिनीपासून थोडे वर लटकवतात आणि सगळ्या हालचाली कोरड्या करून घेतात. ओळखीच्या कारागिराने वेगवेगळ्या मुठींचे रायझर त्याला लावून दिले. मी बाजूला उभा राहिलो. पुतणीने हातमोजे घातले, टॉगल हातात अडकवले, कारण रायझर धरतानाही टॉगल सोडायचे नसतात, आणि डोळे मिटून हात वर नेला. साधी आडी तिला तीनदा सापडली नाही. ताठ आडी लगेच सापडली. पण हातात टॉगल असताना बोटे तिच्यातून काढताना एकदा मोजा अडकला. दुहेरीतील वरची आडी तिच्या हाताच्या टोकाशी होती. तिथून जोर लागत नव्हता. ठोकळा सापडला, ओढला गेला, आणि बोटे उघडताच सुटला. तिने हे दहा वेळा केले. मी मोजत होतो. दहाही वेळा सुटला.

तिने ठोकळा निवडला. रंग मात्र पट्ट्याहून वेगळा, लाल, म्हणजे नजरेलाही लगेच सापडेल. बरोबरचा एक मुलगा म्हणाला की याने फार वेळ ओढून धरता येणार नाही. ती म्हणाली, "मला फार वेळ ओढून धरायचेच नाही." मल्लखांबावर तिला शिकविणारे गुरुजी तेथे असते तर त्यांनी मान डोलावली असती. पकड जितकी पक्की तितकीच ती मोकळी करण्याची रीत पक्की असावी लागते. नाही तर पुढची उडी घेता येत नाही.

नवे रायझर लागल्यानंतरची तिची एक उडी मी पाहिली. विमान ठिपक्याएवढे दिसत होते. पहिले मिनिटभर, म्हणजे जवळजवळ सगळे मोकळे पडणे, मला काही दिसले नाही. मग एकामागून एक रंगीत तुकडे उमलले. त्यातला निळा तिचा, हे मला सांगितले गेले होते. उंचावर असतानाच तो निळा तुकडा एकदम खाली झुकला आणि पुन्हा सावरला. दोन वेळा असे झाले. पुढचे रायझर ओढून सोडले ते हे, असे शेजारचे गृहस्थ म्हणाले. त्यानंतर ती अगदी साध्या वळणांनी उतरली आणि पायांवर उभी राहिली. माझ्या मुठी वळलेल्या होत्या, हे मला नंतर कळले. दादांचे ओठ मला त्या वेळी आठवले.

पुढच्या वर्षी, दुसऱ्याच एका राज्यातील केंद्रावर, तिची छत्री उघडताच समोरून एक छत्री सरळ तिच्या अंगावर येताना तिला दिसली. दोघांनाही एकमेकांची दिशा अगोदर कळणे शक्य नव्हते. टॉगल अजून खोचलेले होते. तिने दोन्ही हात वर नेऊन मागचा उजवा रायझर धरला आणि ओढला. समोरच्यानेही स्वतःच्या उजवीकडे ओढले, कारण समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडेच वळायचे असा नियम आहे. दोन छत्र्या एकमेकींच्या बाजूने गेल्या. सगळे मिळून तीन-चार सेकंदांचे काम. तिने मला हे दुसऱ्या दिवशी सांगितले आणि वहिनींना सहा महिन्यांनी, अमरावतीच्या घरी समोर बसून सांगितले.

ज्या मुठींसाठी आम्ही एवढा विचार केला त्या त्या दिवशी कामी आल्या नाहीत. मागच्या रायझरवर तर काहीच शिवलेले नव्हते. नुसता पट्टा होता. पण टॉगल खोचलेले असताना मागच्या रायझरने वळण्याचा सराव तिने पहिल्या परवान्याच्या वेळीच केला होता, आणि नंतरही प्रत्येक उडीत छत्री उघडल्यावर हात आधी तेथे नेण्याची सवय तिने मोडली नव्हती. मला वाटते, निवडीचा तो सगळा खटाटोप वाया गेला नाही. त्या काळात तिने प्रत्येक पट्टा, त्याचे काम आणि त्याची मर्यादा हाताने तपासली होती. कोणता हात कधी कुठे जायचा, हे तिच्या बोटांना त्या दिवशी विचारावे लागले नाही.

वहिनी सर्व ऐकून घेऊन बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "तो समोरचा मुलगा सुखरूप उतरला ना?" पुतणी म्हणाली, "हो आई." वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यानंतर त्यांनी तिला उड्या सोड असे म्हटलेले मी ऐकले नाही; मात्र प्रत्येक रविवारी उडी झाल्यावर घरी फोन करायचा, हे त्यांनी ठरवून दिले आहे आणि ते आजवर चुकलेले नाही.

आमच्यासारख्या व्यापारी घरांतून आता मुलेमुली नाना वाटांनी जात आहेत. कोणी डोंगर चढते, कोणी समुद्रात बुडी मारते, कोणी वडिलांना न समजणाऱ्या धंद्यात पैसा घालते. अशा वेळी घरातील मोठ्यांच्या हाती दोनच गोष्टी असतात असे आपण धरून चालतो, होकार किंवा नकार. माझा अनुभव असा की तिसरी गोष्टही आपल्या हाती असते, आणि ती आपण रोज गल्ल्यावर वापरतो. विचारावे. कशासाठी, किती, आणि नको असेल तेव्हा सुटेल का. ज्याला या प्रश्नांची उत्तरे देता येतात त्याला आपण माल देतो. ज्याला देता येत नाहीत त्याला थोडे थांबायला सांगतो. मुलांना यात अविश्वास दिसत नाही. आपल्या कामाकडे घरचे माणूस कामासारखे पाहत आहे, एवढे त्यांना कळते, आणि मग तीही लपवीत नाहीत. भीती माझीही गेलेली नाही. रविवारी फोन वाजेपर्यंत मी वर्तमानपत्र उघडतो, पण वाचत नाही.

गेल्या दिवाळीत ती अकोल्याला आली तेव्हा बदललेले जुने रायझर बरोबर घेऊन आली होती. मी ते दुकानातील कारागिरांना दाखविले. ताडपत्रीच्या कडेला पट्टा शिवणारे आमचे वयस्क कारागीर चष्मा लावून बराच वेळ ते टाके पाहत होते. लव सुटलेल्या जागी त्यांनी अंगठा फिरविला आणि म्हणाले, "शेठजी, शिलाई मजबूत हाय, पण कडीपाशी घासते. इथंच पाहत जा म्हणा पोरीले." पुतणीने मान हलविली, आणि तिच्या उड्यांच्या वहीत, तपासणीच्या पानावर, तेवढे एक वाक्य मराठीत लिहून घेतले.